सात माणसं आणि एक गोल टेबल

लोपेती वाइपुना हा आमच्या टोंगाचा सरकारी आकडेवाला. नुकुआलोफाच्या सांख्यिकी कचेरीत त्याला सोळा वर्षं झाली. देशात नारळाची झाडं किती, डुकरं किती, एका घरात सरासरी माणसं किती, हे कुणालाही हवं असलं की लोक लोपेतीच्या टेबलाकडं बोट दाखवतात. अशा ह्या माणसाला जीआरई नावाच्या परीक्षेत गणिताला एकशे अठ्ठेचाळीस मार्क पडले, आणि त्या आनंदात त्याच्या आत्यानं स्वतःचं डुक्कर कापलं.

आता गोम अशी, की ह्या परीक्षेत मार्क शून्यापासून मोजतच नाहीत. एकशे तीसपासून मोजतात. सगळी उत्तरं चुकवून आलात तरी एकशे तीस हातात. वरची हद्द एकशे सत्तर. म्हणजे लोपेतीची स्वतःची कमाई काय, तर चाळिसात अठरा. देशाचे नारळ मोजणारा माणूस चाळिसात अठरा मिळवून घरी आला आणि गळ्यात फुलांच्या माळा घालून भाजलेल्या डुकराच्या डोक्यापाशी बसला. बसला तर बसला, वर दोनदा वाढूनही घेतलं.

खोटं बोलायचं त्याच्या मनात नव्हतं, एवढं मात्र खरं. परीक्षा फिजीला होती. परतीचं विमान उतरलं तेव्हा एलेनोआ आत्या सगळं गोत घेऊन विमानतळावर उभी होती.

"किती?" आत्यानं विचारलं.

"एकशे अठ्ठेचाळीस," लोपेती म्हणाला. पुढं तो 'पण' म्हणणार होता.

"शंभरातले?" म्हणत आत्यानं उत्तराची वाट न बघता मागं वळून सगळ्यांना सांगून टाकलं, "शंभरात एकशे अठ्ठेचाळीस पडले पोराला. वरचे अठ्ठेचाळीस खूश होऊन दिलेत."

एलेनोआ म्हणजे लोपेतीच्या बापाची थोरली बहीण. आमच्याकडं आत्यापुढं कुणाचं काही चालत नाही. लग्न असो, मयत असो, चटया कुणाला किती, डुकराचा कुठला भाग कुणाच्या घरी, हे आत्याच्या तोंडून निघालं की झालं. चारचौघांत भाच्यानं आत्याचं बोलणं खोडून काढलंय, असं गावात अजून कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि तो पहिला मान घ्यायची लोपेतीची छाती झाली नाही. तो 'पण' त्याच्या घशातच राहिला. वरून डुक्कर खाली गेलं.

परीक्षेचा एवढा खटाटोप कशासाठी, तर एका खुर्चीसाठी. दरवर्षी ब्रिस्बेनहून एक तज्ज्ञ यायचा, वय एकोणतीस, अर्धी चड्डी. लोपेतीच्या खुर्चीत बसायचा आणि लोपेतीचे तक्ते पुन्हा करायचा. गेल्या वर्षी त्यानं कुटुंबांचा तक्ता उघडला आणि कपाळाला हात लावला. घरागणिक सरासरी माणसं आठ. एवढी माणसं झोपतात कुठं, म्हणाला. झोपतात ऑकलंडला. लोपेती दारोदार फिरून विचारायचा, घरात माणसं किती, आणि बायका सांगायच्या, नऊ. दिसायची पाच. चौघं ऑकलंडला, सिडनीला असायची. "पण आहेत ना?" बायका विचारायच्या. आहेत तर खरीच, म्हणून लोपेती नऊ लिहायचा. तज्ज्ञानं लाल पेन काढला, परगावची सगळी माणसं खोडली, सरासरी साडेपाचवर आणली आणि खाली स्वतःची सही ठोकली.

"त्याच्याकडं वरची पदवी आहे, तुझ्याकडं नाही," लोपेतीचे साहेब म्हणाले. "होनोलुलूला दोन वर्षं शिकून ये. शिष्यवृत्ती आहे, त्या परीक्षेत गणिताला एकशे पंचावन्न लागतात. आणलेस तर परत आल्यावर सही तुझी. नाही आणलेस तर पुढच्या वर्षी ही खुर्ची पदवीवाल्याला द्यावी लागेल, माझा नाइलाज आहे."

लागत होते पंचवीस, होते अठरा. अर्जाची मुदत संपायच्या आत परीक्षा आणखी एकदाच देता येत होती. आणि घरी तर जेवणावळ उठलेली. मग पुन्हा परीक्षा कशाला, हे सांगायचं कसं? एका रविवारी जेवताना लोपेतीनं खाली बघत सांगून टाकलं, "तिथल्या लोकांनी ऐनवेळी आकडा वाढवला. आता एकशे पंचावन्न मागतायत."

"डुक्कर कापल्यावर?" आत्यानं विचारलं.

"हो."

आत्याचा हात ताटातच थांबला. त्या दिवसापासून चर्चमध्ये दर रविवारी होनोलुलूच्या कठोर काळजाच्या लोकांसाठी प्रार्थना सुरू झाली. देवा, त्यांना सुबुद्धी दे, असं पाद्रीबाबा म्हणायचे आणि अख्खं गाव आमेन म्हणायचं. त्या बिचाऱ्यांनी लोपेतीचं काही वाकडं केलेलं नव्हतं. खरी गोष्ट फक्त त्याची बायको लुपे हिला ठाऊक होती.

"तू आमेन जरा हळू म्हण," ती परतताना म्हणाली. "देवाला ऐकू गेलं तर तो आधी तुझ्याकडं बघेल."

आत्या नुसती प्रार्थना करून थांबणारी नव्हती. दुसऱ्या दिवसापासून ती रोज दुपारी चारला लोपेतीच्या पडवीत येऊन बसू लागली. सोबत केवड्याच्या वाळवलेल्या पातींची जुडी आणि एक अर्धी विणलेली चटई, बारीक विणीची, लग्नात मानाच्या लोकांना देतात तसली. "तू वाच. मी बघते तुला कोण कमी मार्क देतो ते," म्हणाली. चाळिशीला आलेला सरकारी माणूस आत्यापुढं मांडी घालून गणितं सोडवायला बसला. शेजारच्या कुंपणावरून लोक बघून जायचे.

पहिल्याच दिवशी पुस्तकात ते गणित निघालं. लोपेतीनं आपल्या भाषेत करून सांगितलं, "सात माणसं एका गोल टेबलाभोवती बसायची आहेत. किती वेगवेगळ्या प्रकारे बसतील?"

"कोण सात?"

"लिहिलेलं नाही, आत्या."

"थोरलं कोण त्यांत?"

"तेही लिहिलेलं नाही."

"मग बसवायची कशी?" आत्या विणता विणता म्हणाली. "आणि प्रकार कसले? एकच प्रकार."

लोपेतीनं पेन्सिल खाली ठेवली. फिजीच्या परीक्षेत त्यानंही नेमकं हेच केलं होतं. गणित वाचल्याबरोबर डोळ्यांपुढं रविवारचं घरचं जेवण आलं. माणसं सातच. वरच्या अंगाला आत्या. तिच्यापासून लांब, दाराजवळ लोपेतीचे बाबा, कारण भावानं बहिणीच्या शेजारी बसायचं नाही. मग लोपेती, लुपे, वयाप्रमाणे तीन मुली. किती प्रकारे बसतील? एक. दुसऱ्या प्रकारे बसली तर त्यांना बसली म्हणत नाहीत, भांडली म्हणतात. त्यानं पडद्यावर 'एक' शोधला. पर्यायांत 'एक' नव्हता. पुन्हा वरून खाली बघितलं, खालून वर बघितलं. सोळा वर्षांच्या नोकरीचा सांख्यिकीवाला सहा मिनिटं 'एक' शोधत बसला होता, आणि त्यापायी पुढची पाच गणितं वेळेअभावी गेली.

"उत्तर सातशे वीस आहे," तो आता म्हणाला.

आत्यानं विणणं थांबवलं. "सातशे वीस वेळा उठबस? जेवण गार होईल की त्यांचं."

"त्यांचं तसंच असतं. कुणी कुठंही बसतं."

"त्यांच्यात आत्या नाही का कुणी?"

"नाही, आत्या."

तिला खरोखर वाईट वाटलं. "बिचारे," म्हणाली. "मग तू असं कर. गणित आलं की आधी मनाशी म्हण, ह्यांना आत्या नाही. आणि मग सोडव."

ऐकायला वेड्यासारखं वाटेल, पण घोडं अडलं होतं ते नेमकं तिथंच. लोपेती सरावाच्या कागदांवरची मागची चुकलेली गणितं चाळू लागला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. तिघांनी साठ किलो सुरण दोनास तीनास पाच ह्या प्रमाणात वाटून घेतलं, तिसऱ्याला किती? सरळ तीस. ह्यानं लिहिलं होतं बारा. का? तर तिसरा म्हणजे धाकटा, धाकट्याला जास्त कुठून येणार? आठांतून तिघांची समिती किती प्रकारे निवडाल? ह्यानं समितीच नेमून टाकली होती. कागदाच्या कडेला गावातल्या तिघांची नावं लिहिली होती, अध्यक्षापुढं खुणेसकट. लुपेनं तो कागद बघितला आणि पदर तोंडाला लावावा तसा टॉवेल तोंडाला लावून आत गेली. हसण्याचा आवाज बराच वेळ येत होता.

तर रोज दुपारी पडवीत ते सुरू झालं. लोपेती वाचायचा, आत्या विचारायची, "आत्या आहे?" तो म्हणायचा, "नाही." मग उत्तर झटकन यायचं. आणि जिथं लोपेतीचं गाडं अडायचं, तिथं कधी कधी आत्याच पुढं व्हायची. प्रमाण विचलनाशी लोपेतीची सोळा वर्षं नोकरीत रोज भेट, पण ओळख अशी नव्हतीच. गणित होतं, दहा आकड्यांत प्रत्येकी पाच मिळवले तर सरासरी किती बदलेल आणि विचलन किती? तो सूत्र मांडायला लागला.

"विचलन म्हणजे काय ते सांग आधी," आत्या म्हणाली.

"म्हणजे... कुणाला कमी, कुणाला जास्त, सगळ्यांत किती फरक आहे, ते."

"भांडण म्हण ना सरळ. दहा घरांना चटया वाटल्या, कुणाला दोन गेल्या, कुणाला नऊ. आता सगळ्यांना पाच पाच वर दिल्या. भांडण मिटतं का?"

"नाही."

"वाढतं?"

"नाही. आहे तेवढंच राहतं."

"मग लिही की. आणि प्रत्येकाला होत्या त्याच्या दुप्पट केल्यास तर भांडणही दुप्पट. माझ्या धाकट्या दिराच्या मयताला तेच झालं होतं."

लोपेतीनं मागं उत्तरं बघितली. दोन्ही बरोबर. मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या बाईनं मयताच्या चटयांवरून जे सांगितलं ते त्याला ब्रिस्बेनच्या तज्ज्ञानं दोन कार्यशाळांत समजावलं होतं, आणि समजलं नव्हतं. स्वतःच्या पगाराचा विचार त्यानं तेवढ्यापुरता केला नाही.

चार महिने असे गेले. चटई वाढत गेली. कुणासाठी, हे आत्या सांगत नव्हती आणि लोपेतीनं मनाशी धरलं होतं, आपल्यासाठीच.

दुसऱ्या खेपेला फिजीच्या त्या थंडगार खोलीत तो ओठ हलवत बसला. दर गणिताला, ह्यांना आत्या नाही. गणित सुटायचं, पुढचं यायचं. शेवटाकडं पडद्यावर आलं, सात माणसं, एक गोल टेबल, त्यातली दोघं शेजारी बसणार नाहीत, तर किती प्रकार? लोपेतीला वरच्या अंगाला आत्या दिसली आणि दाराशी बाबा दिसले, आणि त्याला एकदम हसू फुटलं. देखरेखीच्या बाई लगबगीनं आल्या.

"काही त्रास होतोय का?"

"नाही बाई," लोपेती म्हणाला. "बहीणभाऊ आहेत, म्हणून."

बाईंनी त्याच्याकडं जरा वेळ बघितलं आणि त्या परत जागेवर गेल्या. त्यानं चारशे ऐंशी निवडलं. परीक्षा संपली, पडद्यावर आकडा आला, एकशे छप्पन.

सव्वीस. स्वतःचे, घाम गाळून मिळवलेले सव्वीस. खुर्ची वाचली. तो विमानतळावर उतरला तेव्हा त्याला वाटत होतं, आज तरी माळा खऱ्या.

"किती?" आत्यानं विचारलं. ह्या खेपेला ती आणि लुपे दोघीच आल्या होत्या.

"एकशे छप्पन."

"आठच वाढले?" आत्या म्हणाली. "असू दे. त्यांचं समाधान झालं ना? चल, उन्हात उभा राहू नकोस."

घरी अळूच्या पानात डब्यातलं मांस नारळाच्या दुधात शिजवलेलं होतं. डुक्कर नव्हतं. ह्या परीक्षेचं डुक्कर खाऊन झालंय, असं आत्यानं लुपेला आधीच सांगून ठेवलं होतं. लोपेती ताटाकडं बघत राहिला. नापास झाला तेव्हा अख्खं डुक्कर, आणि आयुष्यात पहिल्यांदा काही कमावलं तेव्हा डबा. वाईट वाटायचा हक्कसुद्धा त्यानं स्वतःच खाऊन टाकला होता. लुपेनं समोरून नुसत्या भुवया उंचावल्या.

तरीही तो गप्प राहिला असता. गप्प राहण्यात तो तरबेज होता. पण रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी होनोलुलूच्या लोकांचं काळीज मऊ केल्याबद्दल देवाचे आभार मानले, आणि घरी जेवणं उरकत आली तेव्हा आत्यानं ती चटई आणून लोपेतीपुढं ठेवली. पूर्ण झालेली, कडेला रंगीत लोकर गुंफलेली.

"ही तिथल्या थोरल्या साहेबाला दे," ती म्हणाली. "चार महिने मी त्यांना वाईट बोलले. त्यांनी आपलं ऐकलं. आता आपणही मोठेपणा दाखवायला हवा. माझ्याकडून माफी माग."

लोपेतीनं चटईवर हात ठेवला. ह्या चटईची प्रत्येक पाती त्याच्यासमोर विणली गेली होती. तिची बोटं आता सुजलेली असायची, सकाळी मूठ वळत नव्हती, हे त्याला माहीत होतं. आणि ती माफी मागत होती, त्यानं त्या बिचाऱ्यांवर घातलेल्या खोट्या आळाची.

"आत्या, त्यांनी काही वाढवलं नव्हतं," तो म्हणाला. "पहिल्यापासून एकशे पंचावन्नच होते. मी नापास झालो होतो."

दाराजवळ बाबांनी घास तोंडाशी धरला तो तसाच राहिला. मुली आईकडं बघायला लागल्या.

मग त्यानं सगळं सांगितलं. एकशे तीस फुकटचे, एकशे सत्तर पूर्ण, अठरा आणि सव्वीस. विमानतळावरचा 'पण'. सांगताना वर बघायची त्याची हिंमत झाली नाही. आत्या रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती बोटांवर मोजत होती.

"अठराला तू एक डुक्कर खाल्लंस," शेवटी ती म्हणाली. "मग सव्वीसला किती बसतं?"

लोपेतीनं सवयीनं मांडलं. "एक आणि चार नवमांश."

"एक खाऊन झालं. राहिलं अर्ध्याहूनही कमी. पुढच्या शनिवारी मागची एक तंगडी आणि थोडं पोट भाजू. डोकं मिळणार नाही."

"बरं, आत्या."

"आणि डुक्कर तुझं."

"बरं."

लुपेचा टॉवेल पुन्हा तोंडाला लागला. आत्यानं चटई आपल्याकडं ओढली, गुंडाळली, आणि मांडीवर घेतली. मग विचारलं, "तिथं लोक जेवायला कसे बसतात रे? त्या पुस्तकातल्यासारखे?"

"हो. कुणी कुठंही."

"सातशे वीस प्रकारे."

"हो."

"मग तुला कळणार कसं, कुठं बसायचं ते?" तिचा आवाज जरा चिरका झाला आणि ते तिला आवडलं नाही. "ही तू घेऊन जा. खोलीत अंथर. हिच्यावर जेव. आणि वरच्या अंगाला बसू नकोस, ती माझी जागा. बापाची दाराजवळ. बाकी तुला ठाऊक आहे."

ऑगस्टात लोपेती होनोलुलूला गेला. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात त्याला एक खोली मिळाली, पलंग भिंतीला लावला तेव्हा कुठं चटई मावली. पहिल्या दिवशी त्यानं दुकानातून भात आणि तळलेली कोंबडी आणली आणि जेवायला बसला, घरच्या आपल्याच जागी, वरून तिसरा, थोडासा डावीकडं. चार बाय सहाच्या चटईच्या कडेला अंग चोरून बसलेला चाळिशीचा विद्यार्थी. कुणी बघितलं असतं तर विचारलं असतं, बाबा रे, एवढी मोकळी पडलीये, नीट पसरून बस की. तो बसला नाही.

जेवण झाल्यावर त्यानं वसतिगृहाचा फॉर्म भरायला घेतला. नाव, देश, विषय. विषयापुढं त्यानं अभिमानानं लिहिलं, सांख्यिकी. त्याच्याखाली रकाना होता, घरात माणसं किती. ह्या रकान्याचं बरोबर उत्तर काय, ते शिकायलाच तो एवढ्या लांब आला होता. तज्ज्ञाचा लाल पेन त्याला आठवला. इथं राहतो तो एक, तिकडं रविवारी जेवायला बसतात ती सहा, आणि तिकडं कुणी दारात येऊन विचारलं तर लुपे काय सांगेल, तेही त्याला ठाऊक होतं.

लोपेतीनं सात लिहिलं आणि खाली सही केली.